फोनवर आणि संगणकावर मराठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, वाचनालयातले सभासद, सोसायटीच्या सूचना लिहिणारे सचिव, दिवाळी अंकाचे संपादक अशा अनेकांकडून मराठी टायपिंगबद्दल तेच ते प्रश्न मला येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फोनवर मराठी लिहायला वेगळं ॲप घ्यावं लागतं का?

नाही. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड आधीपासून असतो. त्याच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात मराठी जोडायची. आयफोनमध्येही मराठी कीबोर्ड आहे, तो सेटिंगमधल्या कीबोर्ड विभागातून चालू करायचा. नंतर लिहिताना पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह किंवा स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून ‘मराठी कीबोर्ड’ उतरवून घेऊ नका. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं बरं, की थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड बरा?

फोनवर दोन ओळींचा निरोप पाठवायचा असेल तर इंग्रजी अक्षरांतून लिहिणं सोपं आणि वेगवान आहे. मीही तेच करतो. पण त्यात शब्द तुम्ही लिहीत नाही, फोन अंदाज करतो आणि तुम्ही त्याचा अंदाज मान्य करता. केले आणि केळे, बाल आणि बाळ, मन आणि मण यांत गडबड होते ती यामुळेच. ‘शाळेत पाणी नाही’ऐवजी ‘शाळेत पानी नाही’ गेलं की वाचणारा लिहिणाऱ्याला अडाणी समजतो. खरं तर घाईत चुकीच्या सुचवणीवर बोट पडलेलं असतं.

पानभर किंवा त्याहून जास्त लिहायचं असेल, तर थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड घ्या. आपण जे दाबतो तेच उमटतं, आणि शुद्धलेखन आपल्या हातात राहतं. जीबोर्डात बोटाने अक्षर काढून लिहायचीही सोय आहे. ज्यांनी आयुष्यभर पेनाने लिहिलं त्या ज्येष्ठांना ती फार आवडते. घरातल्या मोठ्यांना ती एकदा जरूर दाखवा.

३. संगणकावर मराठी कसं चालू करायचं?

विंडोज १० किंवा ११ असेल तर काहीच उतरवून घ्यावं लागत नाही. सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा या भागात मराठी भाषा जोडायची. तिच्या पर्यायांत दोन कीबोर्ड मिळतात: इन्स्क्रिप्ट (थेट मराठी अक्षरांचा, प्रश्न ४ पाहा) आणि फोनेटिक. फोनेटिक २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आला. तो इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून चालतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्डच्या इनपुट स्रोतांत मराठी जोडायची.

बरेच जण अजूनही गूगलचं विंडोजवर चालणारं जुनं इनपुट टूल शोधतात. गूगलने ते देणं बंद केलं आहे. तिसऱ्याच कुणाच्या साइटवर ते सापडलं तरी घेऊ नका, आता त्याची गरजही नाही.

४. इन्स्क्रिप्ट शिकू का? वय ५८ आहे, टायपिंग कधी केलेलं नाही.

शिका. टायपिंगची जुनी सवय नसणं इथे फायद्याचंच आहे, कारण काही विसरावं लागत नाही.

इन्स्क्रिप्ट हा १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला आराखडा. त्याची रचना कळली की तो पाठ करावा लागत नाही. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मराठी अक्षरात व्यंजन आणि स्वर जोडीने येतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. के या कळीवर क, शिफ्टसह ख. आयवर ग, शिफ्टसह घ. म्हणजे अल्पप्राणाच्या डोक्यावर त्याचा महाप्राण. पाय मोडायचा तो डी या कळीने. शिफ्ट आणि एन दाबलं की ळ. ज्याने बाराखडी घोकली आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटते.

रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो, असा मी शिकवलेल्या माणसांचा अनुभव आहे. पहिले चार दिवस कंटाळा येतो, तेव्हा सोडू नका. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: हाच आराखडा गुजराती, कन्नड, बंगालीलाही लागू आहे. क ची कळ सगळीकडे तीच. सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांना एकाच कष्टात दोन लिप्या मिळतात.

५. जुनी मराठी फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर गेला का?

नाही गेला. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारा नेहमी घाबरलेला असतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. त्यात क चा क्रमांक कायमचा क चाच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आपल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत ती रुळायला बरीच वर्षं गेली. त्या काळात श्री-लिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचा सुरेख असे फाँट चालायचे. त्यांनी एक युक्ती केली होती. फाइलमध्ये क्रमांक इंग्रजी अक्षरांचे ठेवायचे आणि त्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. तो फाँट संगणकात आहे तोवर मराठी दिसणार. फाँट गेला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

म्हणजे तुमच्या फाइलमध्ये मराठी दिसत होतं, पण ते मराठी म्हणून साठवलेलं कधीच नव्हतं. मजकूर मात्र जसाच्या तसा आहे, त्याची किल्ली म्हणजे तो फाँट.

माझ्या मावशीने २००३ च्या सुमारास आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या एका टायपिंग सेंटरमधून टाइप करून घेतल्या होत्या. आजी गेली, ते सेंटर बंद पडलं, आणि सीडीवरची फाइल उघडली तर नुसती चिन्हं. मावशीने ती सीडी टाकून दिली नाही, एवढ्यावर त्या ओव्या वाचल्या. तुम्हीही अशी फाइल पुसू नका.

६. मग ती फाइल युनिकोडमध्ये कशी आणायची?

आधी एक चूक टाळा. चिन्हं निवडून फाँट बदलून ‘मंगल’ हा युनिकोड फाँट केला तर काहीच होत नाही, कारण खालचे क्रमांक बदलत नाहीत. रूपांतरच करावं लागतं.

पहिलं काम, मूळ फाँटचं नेमकं नाव शोधणं. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा. फाँट संगणकात नसला तरी फाँटच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. ते पूर्ण लिहून घ्या, आकड्यांसह. नुसतं ‘श्री-लिपी’ पुरत नाही. मग त्या फाँटसाठीचा रूपांतरक वापरा. असे बरेच विनामूल्य मिळतात. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात सेव्ह करू नका. त्यात फाँटचं नाव पुसलं जातं आणि मधले खरे इंग्रजी शब्द कोणते, हे कळायला मार्ग राहत नाही. रूपांतरात त्या इंग्रजी शब्दांचंही निरर्थक मराठी होतं, म्हणून ते आधी बाजूला काढा.

रूपांतर झालं की पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी ती दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, जशी ती उच्चारली जाते. रफाराचं उलट: ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाँटमध्ये य नंतर यायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. ही अदलाबदल रूपांतरकाला करावी लागते, आणि ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात तो अडखळतो. ओव्यांच्या त्या फाइलला रूपांतर मिनिटभरात झालं, मुद्रितशोधनाला चार रात्री लागल्या. मूळ फाइल त्यानंतरही जपून ठेवा.

७. छापखानेवाले म्हणतात, ‘युनिकोड चालत नाही, श्री-लिपीतच द्या.’ खरं आहे का?

त्यांच्याकडच्या सॉफ्टवेअरपुरतं खरं असू शकतं. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोडमधली देवनागरी जमत नाही. आपल्याकडे अनेक छापखान्यांत आजही पत्रिका, अहवाल आणि स्मरणिका पेजमेकरवर लागतात, कारण कामगारांचा हात त्यावर बसलेला आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित लागतं. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो. तो निवडला नाही तर वेलांट्या भलतीकडे पडतात आणि जोडाक्षरं तुटतात, आणि मग ‘युनिकोड चालत नाही’ असा समज होतो. त्यामुळे छापखान्याला एवढंच विचारा: कोणत्या सॉफ्टवेअरवर लावता?

श्री-लिपीत द्यावंच लागलं तर द्या, पण युनिकोडची प्रत स्वतःकडे ठेवा आणि छपाईच्या वेळी केलेल्या दुरुस्त्या त्या प्रतीतही करा. दहा वर्षांनी पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तीच कामाला येईल.

८. शब्द समोर दिसतो आहे, तरी शोधला तर सापडत नाही. असं का?

कारण दिसायला सारखे असलेले दोन शब्द आतून वेगळे असू शकतात. मराठीत याची चार-पाच ठरलेली ठिकाणं आहेत.

पहिलं ‘ऱ्या’. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा फरक मराठीला हवाच, म्हणून आडवा अर्धा र लागतो. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, ऱ हे खास अक्षर आणि त्याचा पाय मोडून. दोन, साधा र, पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना एक दुसऱ्याला ओळखेलच असं नाही. मी पहिलीच पद्धत वापरतो आणि तीच सुचवतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे, मग डी. फोनवर बहुतेक कीबोर्डांत र दाबून धरला की ऱ मिळतो.

दुसरं ‘ॲ’. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, किंवा हिंदीतला ऍ वापरत. त्यामुळे ‘ॲप’ आज तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. तिसरं ‘ऑ’ आणि ‘डॉक्टर’मधला ॉ. हे एकच चिन्ह आहे, काना आणि अर्धचंद्र वेगवेगळे देऊ नका.

चौथं विसर्ग. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाकलेला हजारो ठिकाणी दिसतो. कोलन टाकला की संगणकाच्या लेखी तो एक शब्द राहत नाही. शोध तर चुकतोच, कधी ओळीच्या शेवटी ‘दु:’ वर आणि ‘ख’ खाली जातो.

आणि वेबपानांवरून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हं शिरलेली असतात. शंका आली तर तो शब्द पुसून स्वतः पुन्हा टाइप करा.

९. माझं आडनाव अर्जात आणि ओळखपत्रावर सारखंच दिसतं, तरी ‘जुळत नाही’ असं येतं.

आडनावात ऱ्ह, ऱ्य किंवा विसर्ग आहे का पाहा. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशी आडनावं यात हमखास अडकतात. कारण प्रश्न ८ मध्ये आहे. शक्य असेल तर आधीच्या नोंदीतलं नाव कॉपी करून अर्जात चिकटवा. ते जमत नसेल तर दुसऱ्या पद्धतीने ऱ लिहून पाहा. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही काढून टाका.

१०. माझा ल आणि श हिंदीसारखा दिसतो. मराठी ल कसा आणायचा?

ल चा क्रमांक मराठीला आणि हिंदीला एकच आहे, वळण फाँट ठरवतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाणीकरण करताना ल आणि श ची मराठी वळणं दिली आहेत. चांगल्या फाँटमध्ये ती वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच बाहेर येतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. वेबसाइट बनवणाऱ्यांनी पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी नोंदवावी. एवढ्या एका नोंदीने पानाचं रूप बदलतं आणि फारच थोडे जण ती करतात, याचं मला वाईट वाटतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फाँट मराठीसाठीच केलेला आहे, तो वापरून पाहा.

विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेला ‘मंगल’ कुणाला आवडत नसेल, पण त्याचे आकार र. कृ. जोशी यांनी घडवले होते. मुंबईच्या आयआयटीत शिकवणारा हा सुलेखनकार कोल्हापूरचा. पडद्यावर देवनागरी स्वच्छ वाचता यावी म्हणून त्यांनी केलेलं काम आपण रोज वापरलं आहे.

११. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की अक्षरं विस्कटतात. उपाय?

पीडीएफ म्हणजे छापील पानाचं चित्र समजा. त्यात अक्षरांचे आकार नेमके असतात, पण कोणता आकार कोणत्या अक्षराचा ही नोंद अनेकदा अर्धवट असते. पीडीएफ जुन्या फाँटमधून केली असेल तर मामला प्रश्न ५ चाच. दोन्ही प्रसंगांत पान चित्र म्हणून वाचून घेणं जास्त बरं: फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटोही असाच वाचता येतो. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. अनुस्वार मात्र गळतात, म्हणून मूळ पान शेजारी ठेवून वाचा. हस्ताक्षराच्या वह्यांना यावर विसंबू नका, त्या बसून टाइप करणंच बरं.

१२. मराठी एसएमएसला जास्त पैसे का लागतात?

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. निरोप लांबला की तुकडे होतात आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं: ‘किती’ चार, ‘स्त्री’ सहा. शाळा, पतसंस्था, मंडळं एकगठ्ठा एसएमएस पाठवतात त्यांना हे परवडत नाही, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत मराठी पाठवतात. त्यापेक्षा मजकूर आखडून ७० मध्ये बसवा. ‘कळविण्यात येते की’ काढून टाकलं तरी बरीच जागा सुटते, आणि गावातल्या वाचणाऱ्याला स्वतःच्या लिपीत निरोप मिळतो.

१३. एक्सेलमध्ये मराठी आकड्यांची बेरीज होत नाही.

देवनागरी आकडे बहुधा मजकूर म्हणून धरले जातात. हिशेब इंग्रजी आकड्यांत ठेवा आणि छापताना रूप बदला. यादी अकारविल्हे लावतानाही जपा. मराठी कोशांत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या पट्ट्यात मात्र ल च्या शेजारी बसतो. शब्दसूची करत असाल तर ‘फळ’ आणि ‘फलक’ अशा शब्दांचा क्रम हाताने तपासा.

१४. दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड घेतला तर तो माझं लिखाण वाचतो का?

वाचू शकतो. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड तशी सूचना देतो: पासवर्ड, कार्डाचे क्रमांक यांसह टाइप केलेलं सगळं गोळा होऊ शकतं. ती सूचना न वाचता ‘ठीक’ दाबू नका. सुंदर रंगांसाठी अनोळखी कीबोर्ड घेण्याजोगं त्यात काही नाही.

१५. बोलून टाइप करणं कितपत भरवशाचं?

गूगलने २०१७ मध्ये ही सोय मराठीत आणली, आणि ज्यांना डोळ्यांचा किंवा बोटांचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती वरदान आहे. पत्राचा कच्चा मसुदा झरझर होतो. विरामचिन्हं नंतर स्वतः द्यावी लागतात.

अडचण बोलींची आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलाल तर फोन तो शब्द जवळच्या प्रमाण शब्दाकडे ओढतो. मावशीकडच्या ओव्या मी बोलून टाइप करायचा प्रयत्न केला तेव्हा आजीचे शब्द एकामागून एक पुसले जात होते. बोलीतलं काही जपायचं असेल, तर आधी आवाज तसाच ध्वनिमुद्रित करा आणि मग हाताने टाइप करा. नेहमीचे बोलीशब्द कीबोर्डाच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवले तर लिहिताना तरी फोन ते बदलत नाही.

१६. सरकारी टायपिंग परीक्षेसाठी कोणता कीबोर्ड शिकू?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीच्या ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट अशा पातळ्या आहेत. भरतीच्या जाहिरातीत कोणता आराखडा मागितला आहे, रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) की इन्स्क्रिप्ट, ते वाचूनच क्लास लावा. दोन्हींत कळा पूर्ण वेगळ्या आहेत आणि एकाचा हात दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. परीक्षेचं बंधन नसेल तर प्रश्न ४.

१७. मराठी नावाची लिंक पाठवली की ती टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ का होते?

लिंकमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांत मांडलं जातं. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस. लिंक बिघडलेली नसते, उघडते.

१८. मोडी लिपी फोनवर लिहिता येते का?

युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून स्वतःची जागा आहे आणि गूगलच्या नोटो मालिकेत मोडीचा फाँटही आहे. पण समोरच्याच्या फोनमध्ये तो नसेल तर त्याला चौकोन दिसतील, म्हणून निरोपात पाठवताना चित्र करून पाठवा. काही मोडी फाँट देवनागरीच्या क्रमांकांवर मोडीचे आकार बसवतात. शिकाऊ माणसाला ते सोयीचे, कारण देवनागरी टाइप केलं की मोडी दिसते. मात्र त्यात साठवलेला मजकूर देवनागरीच असतो, मोडी नव्हे. दप्तरातल्या कागदाची अक्षरशः नक्कल करायची असेल तर खरा मोडी फाँट घ्या, आणि फाइलच्या पहिल्या ओळीत त्या फाँटचं पूर्ण नाव देवनागरीत लिहून ठेवा.